चहाच्या डब्यातली फिल्म

आजोळचं घर विकायचं ठरलं आणि माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या वह्यांची पोती, फुटका कंदील, तांब्याचा बंब आणि सगळ्यात मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, चहापत्तीचा पत्र्याचा मोठा डबा. झाकण गंजून बसलं होतं. उलथन्याने उचकटलं तसा नाकात झोंबणारा आंबट वास आला. चायनीजच्या गाडीवर बाटलीतून शिंपडतात त्या व्हिनेगरचा.

आत मामाच्या फिल्मा होत्या.

"टाकून दे रे ते," मामी खालून म्हणाली. "मुंग्यासुद्धा फिरकत नाहीत त्याच्या आसपास."

मी टाकून दिलं. खालच्या थरातल्या सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटून गुळाच्या ढेपेसारखा गोळा झाला होता. वरची एक पट्टी तेवढी सुटी निघाली, ती पाकिटात घातली. गोळा उकिरड्यावर गेला. त्या दिवशी घाई होती, टेम्पोवाला दारात उभा होता, आणि मला काही ठाऊक नव्हतं.

मामा टूरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. पुसेगाव, म्हसवड, पाल, अशा जत्रांमागून जत्रा करत त्यांचा तंबू फिरायचा. फिल्मच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या, आणि आमच्या भागात येईपर्यंत प्रिंटने पन्नास गावचं पाणी प्यायलेलं असायचं. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस. फिल्मच्या दोन्ही कडांना जी छिद्रं असतात ती मशीनच्या दातऱ्यांनी फाटलेली. मग भर रंगात आलेल्या लढाईत फिल्म अडकायची आणि मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांच्या उजेडाच्या धगीने जळून पडद्यावर भोक पसरत जायचं. तंबूत शिट्ट्या सुरू. मामा फाटलेला भाग ब्लेडने कापायचा, टोकावरचा थर खरवडून काढायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचा, दोन्ही टोकं दाबून धरायचा आणि पुन्हा मशीन चालू. मिनिटभरात. कापलेले तुकडे शर्टाच्या खिशात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी आला की चहाच्या डब्यात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तुकडे आमचे. उडालेल्या बल्बची मागची बाजू फोडून आतल्या तारा काढायच्या, त्यात पाणी भरायचं, झालं भिंग. अंगणातून आरशाने उन्हाची तिरीप खोलीत घ्यायची, मध्ये फिल्मचा तुकडा धरायचा, आणि आजोबांच्या धोतरावर नायिका उलटी उभी राहायची. मग तुकडा उलटा धरायचा की ती सुलटी. ती कोण, कुठल्या सिनेमातली, हे आम्ही कधी विचारलं नाही. मामालाही सगळं आठवत होतं असं नाही.

तो गोळा टाकल्यावर दोनेक वर्षांनी पुण्यात एका कार्यशाळेत मी नुसता ऐकायला म्हणून बसलो होतो. जुनी फिल्म कशी तपासायची हे तिथे शिकवत होते. टेबलावर दुधी काच, काचेखाली दिवा, हातात पांढरे सुती मोजे. एक डबा उघडला आणि तोच वास आला. मी जागच्या जागी बसून राहिलो.

त्या वासाला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. साधारण १९५० नंतर जगभर जी 'सेफ्टी फिल्म' आली तिचा पाया अॅसिटेटचा. उष्णता आणि दमट हवा मिळाली की हा पाया कुजायला लागतो आणि त्यातून जे अॅसिड सुटतं तेच पुढच्या नासाडीला जोर देतं. म्हणजे डबा जितका घट्ट बंद, तितका वास आत कोंडतो आणि तितकी फिल्म लवकर जाते. शेजारच्या डब्यांनाही बाधा होते. फिल्म आक्रसते, वाकडी होते, छिद्रांमधलं अंतर कमी होतं आणि मग मशीनचे दाते त्या छिद्रांत बसतच नाहीत. डब्यात निळ्या कागदाची एक पट्टी ठेवतात. ती हिरवी झाली की सावध व्हायचं, पिवळी झाली की ती फिल्म बाकीच्यांपासून हलवायची आणि तिची प्रत काढायच्या मागे लागायचं. शिकवणारे गृहस्थ शेवटी म्हणाले, की चिकटून गोळा झालेली फिल्मही लगेच टाकू नये, धीराने घेतलं तर कधी कधी ती सुटते. त्यांनी ते सहज सांगितलं. मला तो उकिरडा डोळ्यांसमोर दिसत होता.

तेव्हापासून मी लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जात आलोय. जयकर बंगल्याच्या त्या आवारात शिरलं की बाहेरच्या रिक्षांचा आवाज एकदम मागे पडतो. संग्रहालय सुरू झालं ते १९६४ साली. आज ते जे काही आहे त्यात एका माणसाचं आयुष्य गेलेलं आहे. पी. के. नायर मूळचे तिरुअनंतपुरमचे. १९६५ला ते इथे सहायक क्युरेटर म्हणून लागले, १९८२ला संचालक झाले, १९९१ला निवृत्त झाले, तोवर संग्रहात बारा हजारांच्या आसपास चित्रपट जमले होते. त्यातले आठ हजार भारतीय. २०१६ला ते पुण्यातच गेले. कुठे जुनी रिळं असल्याचं कळलं की गाडी पकडायची, त्या घरी जाऊन बसायचं, मागायचं, पुन्हा मागायचं. पुराणवस्तू म्हणून सिनेमाकडे बघायची सवय आपल्याकडे कोणालाच नव्हती तेव्हा हा माणूस लोकांच्या गोदामांत वाकून बघत होता. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज आपल्याकडे आहेत, ते त्यांनी मिळवलेले आहेत.

अवशेष हाच शब्द बरोबर आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. चार रिळं, सुमारे ३,७०० फूट. त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोन रिळं संग्रहालयात आहेत, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. फाळक्यांनी हाच चित्रपट १९१७ला पुन्हा केला होता, आणि उरलेली रिळं मुळात त्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असं मत आता जाणकार मांडतात. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पहिला भारतीय कथापट म्हणून जे बघताना अंगावर काटा यायचा, तो पहिला नव्हेच की काय? आता तसं वाटत नाही. एखाद्या माणसाला चारच वर्षांत स्वतःचा चित्रपट पहिल्यापासून पुन्हा करावासा वाटतो, यात त्या काळच्या फिल्मचं आयुष्य किती होतं ते कळतं. आणि त्या तुकड्यात जे दिसतं ते तर खरंच आहे. हौदात आंघोळ करणाऱ्या तारामतीच्या सख्या, ओल्या लुगड्यांतले सगळे बाप्ये. ग्रँट रोडवरच्या खानावळीत आचारी असलेले अण्णा साळुंके तारामती झालेले, कारण नटी मिळाली नाही.

फाळक्यांच्या गोष्टीत मला सगळ्यात जवळची वाटते ती सरस्वतीबाई. १९१२ला फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा मागवला तेव्हा सोबत छिद्रं पाडायचं यंत्रही घेतलं होतं, कारण कच्ची फिल्म कडा कोऱ्या असलेलीच यायची. त्या कडांना छिद्रं पाडायचं काम फाळक्यांनी बायकोला शिकवलं. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं, आणि रात्री निजानीज झाल्यावर अंधारात, फिल्मला उजेड लागू न देता, यंत्रावर छिद्रं. एका फुटात सोळा फ्रेम, म्हणजे सोळा चित्रं. एका फ्रेमला एका बाजूला चार छिद्रं, दोन्ही बाजूंची आठ. मी एकदा कागदावर गुणाकार करून बघितला. ३,७०० फुटांची छिद्रं पावणेपाच लाखांच्या घरात जातात. ही फक्त पडद्यावर आलेल्या लांबीची, चित्रीकरणात वाया गेलेली फिल्म निराळीच. मामा फाटक्या छिद्रांवरून शिव्या द्यायचा तेव्हा ती छिद्रं कोणीतरी पाडलेली असतात हे माझ्या डोक्यातही यायचं नाही. सरस्वतीबाईंचं नाव कुठल्या पाटीवर आलं नाही. पण फाळक्यांचा एखादा जुना फ्रेम मोठा करून बघतो तेव्हा माझी नजर आधी कडेला जाते.

संग्रहालयाच्या छोट्या थिएटरात मी 'कालियामर्दन' बघितला तो दिवस मला लख्ख आठवतो. १९१९चा चित्रपट, आणि फाळक्यांच्या मूकपटांपैकी बराचसा सलग हाच उरला आहे. बाहेर श्रावणातला पाऊस होता, आत आम्ही सातआठजण. कथा सुरू होण्याआधीच एक लहान मुलगी समोर येते, फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सातेक वर्षांची, आणि चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते. रुसली. हसली. घाबरली. डोळे मोठे केले. मग त्याच जागी, त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा साज येतो आणि ती बाळकृष्ण होते. बाप जणू आधी आपल्याला सांगतो, ही माझी पोर, बघून घ्या, आता हिच्यावर विश्वास ठेवा. पुढे तो कृष्ण पाण्याखाली कालियाशी झुंजतो, काठावर यशोदा कासावीस, आणि अखेर फणीवर उभा राहून वर येतो. तो नाग लाकडाकापडाचा आहे हे कळतं. तरीही पोर पाण्यात गेल्यावर थिएटरातल्या एका बाईंनी "अगं बाई" म्हटलेलं मी ऐकलं. शंभर वर्षांनी.

त्या दिवशी आवाज नव्हता. पेटी-तबलाही नव्हता. आणि मुख्य म्हणजे चित्रपट योग्य वेगाने दाखवला होता. याबद्दल मला जरा तळमळीने सांगायचंय. मूकपट हाताने दांडा फिरवून काढलेले असायचे, सेकंदाला साधारण सोळा फ्रेम, कधी कमी कधी जास्त. बोलपट आल्यावर वेग चोवीसवर ठरला. सोळाचा चित्रपट चोवीसने पळवला की माणसं तुरुतुरु धावतात, हात झटकतात, आणि आपण हसतो. टीव्हीवर वर्षानुवर्षं ते तसंच दाखवलं गेलं, आणि 'जुने लोक कसे अभिनय करायचे' असा आपला समज झाला. दोष आपल्या मशीनचा होता. मंदाकिनी अजिबात तुरुतुरु चालत नाही. ती सावकाश मान वळवते.

'श्रीकृष्णजन्म' आणि 'लंकादहन' यांचे याहून लहान तुकडे उरलेत. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाचं डोकं धडापासून सुटून वर तरंगत जातं, तो प्रसंग आपल्या नशिबाने वाचला. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी फाळक्यांचीच एक छोटी फिल्म आहे, तिच्यात ते स्वतः फिल्मची पट्टी हातात घेऊन तपासताना दिसतात. बाकी काय गेलं ते मोजायला बसलं की हात थांबतो. तोरण्यांचा 'पुंडलिक' नाही. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' नाही, त्यांचा मूक 'सावकारी पाश' नाही. ज्या कॅमेऱ्याने कोल्हापुरात हे सगळं सुरू झालं तो बाबूरावांनी स्वतः तिथेच बनवलेला होता, आणि त्या कॅमेऱ्यातून निघालेल्या कितीतरी कलाकृतींचे नुसते फोटो उरलेत. पहिला बोलपट 'आलम आरा' नाही. भारतात हजारापेक्षा जास्त मूकपट निघाले, त्यातले पुरे-अर्धे धरून आज तीसच्या आसपास सापडतात.

गेले कसे? तेव्हाची फिल्म नायट्रेटची. कापसापासून करतात त्या स्फोटकाची सख्खी बहीण. जळताना लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते. नाही पेटली तरी आपणहून कुजते. आधी चित्र फिकं पडतं, मग चिकट होतं, मग फेस, आणि शेवटी डब्यात तांबूस भुकटी. कोकणातल्यासारखी दमट हवा तर तिची वैरीण. त्यावर माणसांनी भर घातली. कृष्णधवल चित्र म्हणजे चांदीचे कण असतात, तेव्हा चालून चालून दमलेली प्रिंट चांदी काढण्यासाठी विकली जायची, आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या व्हायच्या. ज्यांनी विकलं त्यांना मी नावं ठेवत नाही. बोलपट आल्यावर मूकपट कोणी बघायला येत नव्हतं, गोदामाचं भाडं चालू होतं, आणि घरात आग लागायची भीती. मीही टेम्पोवाल्याची घाई होती म्हणून टाकलंच की.

ज्यांनी जपलं त्यांच्याही हातून गेलं. ८ जानेवारी २००३ला पुण्यातच, जुन्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात, म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या व्हॉल्टला आग लागली. पाच हजारांहून अधिक रिळं गेली. त्यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर काढलेल्या होत्या म्हणून ते चित्रपट आजही बघता येतात. पण प्रत म्हणजे प्रत. ज्या पट्टीवर तो उजेड प्रत्यक्ष पडला होता, ती पट्टी गेली. प्रभात रोडला राहणारा माझा एक मित्र सांगतो, की त्याच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी पेपर वाचून घडी घातली आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. त्यांनी कंपनीत कधी नोकरीही केली नव्हती. नुसते शेजारी.

सापडतंही, मात्र ते अशा ठिकाणी सापडतं की बसल्या जागी कोणाला सुचणार नाही. १९७८ला कॅनडात, युकॉनमधल्या डॉसन गावात, बांधकामासाठी जमीन खणताना पाचशेहून जास्त नायट्रेट रिळं निघाली. १९२९ला जुन्या पोहण्याच्या तलावात भर म्हणून टाकलेली. वरती बर्फावर घसरायचं मैदान, खाली कायमची गोठलेली माती, म्हणून पन्नास वर्षं टिकली. कचरा म्हणून पुरलं आणि थंडीने जपलं. आपला 'बिल्वमंगल', १९१९ला कलकत्त्यात निघालेला, मिळाला तो पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेझमध्ये. ५९४ मीटर, म्हणजे साधारण अठ्ठावीस मिनिटं. २०१६ला त्याची डिजिटल प्रत पुण्यात आली आणि बदल्यात पुण्याने त्यांना १९३१च्या 'जमाई बाबू'ची प्रत दिली. हा देवाणघेवाणीचा रिवाज मला फार आवडतो. दोन घरांनी एकमेकांच्या दिवाळीचं ताट पाठवावं तसा. दोन तासांच्या वरचा चित्रपट होता तो, उरला अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासासाठी दोन देशांतली माणसं पत्रव्यवहार करत होती.

हे सगळं ऐकल्यावर लोक मला विचारतात, आता सगळं कम्प्युटरवर घेतलं की प्रश्न मिटला ना? नाही मिटला. हार्डडिस्क दर काही वर्षांनी बदलावी लागते, फाइलचे प्रकार जुने होतात, आणि तो खर्च दरवर्षी कोणीतरी आठवणीने करावा लागतो. थंड, कोरड्या खोलीत नीट ठेवलेली फिल्म शंभर वर्षं राहते आणि ती बघायला भिंग आणि दिवा पुरतो. आम्ही तर पाणी भरलेल्या बल्बवर भागवलं होतं. डिजिटल हवंच, त्याशिवाय साताऱ्याच्या पोराला 'कालियामर्दन' बघायला कसा मिळणार? पण स्कॅन झाल्यावर मूळ डबा फेकून देणारी माणसं मी बघितलीत आणि तिथे माझा जीव वरखाली होतो. आणखी एक. हल्ली जुनी फिल्म स्वच्छ करताना कधी कधी इतकी पुसतात की चेहरे मेणाचे होतात. पाऊस थोडा राहू द्यावा. एखादा जोड दिसू द्यावा. तो कुठल्यातरी ऑपरेटरने, शिट्ट्या चालू असताना, मिनिटभरात मारलेला असतो.

कार्यशाळेत तपासणीनंतर प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी लावायला शिकवलं होतं. चित्रपटाचं नाव माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहायचं. अंदाजाने नाव घालायचं नाही, कारण आज घातलेला अंदाज उद्या कोणीतरी पुरावा म्हणून वापरतं. माहीत आहे तेवढं मात्र सगळं लिहायचं: लांबी, कुठून आली, कोणाकडे होती, किती आक्रसली, छिद्रांची अवस्था, वास.

गेल्या रविवारी मी पाकिटातली पट्टी काढली. खिडकीला ट्रेसिंग पेपर लावला, मोजे घातले आणि भिंगातून बघितलं. अकरा फ्रेम. नऊवारीतली एक बाई, कमरेवर हात, मागे कनातीसारखं काहीतरी. रंग उडून सगळं गुलाबी पडलंय. पहिल्या फ्रेममध्ये तिची नजर खाली, अकराव्यात किंचित वर. एका बाजूची सात छिद्रं फाटलेली. टोकाला सिमेंटचा पिवळा डाग, म्हणजे इथे आधीही कोणीतरी जोडलं होतं, मामाच्या आधीच्या गावात, मामाच्या आधीच्या ऑपरेटरने. पट्टी नाकाशी धरली. वास आहे, पण हलका.

मामीला फोन केला. मामा नेमका कुठल्या वर्षी म्हसवडच्या जत्रेत होता, पाल कधी सोडलं, तंबूचा मालक कुठल्या गावचा, असं एकेक विचारत गेलो. ती आधी "काय करायचंय तुला?" म्हणाली, मग बराच वेळ बोलत राहिली. मध्येच म्हणाली, "तो घरी आला की त्याच्या शर्टाला कार्बनचा वास यायचा, ते पण लिही."

नवा प्लास्टिकचा डबा आणला होता, झाकणाला हवा जायला जागा असलेला. पट्टी गुंडाळून त्यात ठेवली आणि चिठ्ठी लिहिली. नाव: अज्ञात. लांबी: अकरा फ्रेम. छिद्रं: एका बाजूची सात फाटलेली. जोड: एक, जुना. कोणाकडे होती, त्यापुढे मामाचं पुरं नाव लिहिलं, आणि खाली कंसात, ऑपरेटर.